ओढणीची गिरकी

यंत्रं आणि कपडेही माणसांसारखे बोलत, तेव्हाची गोष्ट. खंडेनवमीला कारखान्यात पूजा झाली आणि लेथमावशीच्या चकवर, म्हणजे लोखंड पकडून गरगर फिरवणाऱ्या तिच्या जबड्यावर, झेंडूचा हार दसऱ्याच्या सुट्टीनंतरही तसाच राहिला. नवशिक्या तृप्तीच्या गळ्यातली ओढणी त्याच्याकडे एकटक बघत होती.

“मावशी, मलाही एक गिरकी घेऊ दे ना!”

“माया आहे गं माझी तुझ्यावर. पण फिरायला लागले, की धरलेलं मला सोडता येत नाही.”

ओढणी तंद्रीतच पुढे झुकली. तेवढ्यात हार काढायचं विसरून तृप्तीने बटण दाबलं. हवेत केशरी पाऊस झाला. पाकळ्या अलगद, स्वप्नासारख्या खाली आल्या. तृप्तीने घाबरून मशीन बंद केलं, तेव्हा चकवर उरला होता करकचून आवळलेला नुसता दोरा.

ओढणीने आपलं टोक पोटाशी घेतलं.

“तृप्ती, मला आधी खुंटीवर टांगून ठेव गं.”