सुटलेली बकरी

"एवढं पान तरी ऐका, बाबा. मग सांगा, साहेब माणूस होता की देव?"

यादवराव मास्तर पोथी सोडावी तसे कागद सोडून बसले होते. सातपुड्यातल्या शिकारीवर एका गोऱ्या साहेबानं विलायतेत कादंबरी छापली होती. मास्तरांनी ती मराठीत आणली, आणि तोरा असा की जणू साहेबाचे जावईच. उद्या कागद छापखान्यात जायचे, मग पुस्तक शाळांतून लागायचं. त्याआधी फक्त गुरूचा हात डोक्यावर हवा होता.

गुरू म्हणजे रानाच्या तोंडाशी झोपडीचा तकिया करून राहिलेला म्हातारा गुदडीशा फकीर.

"वाच, लेका. नाहीतर जेवण जायचं नाही तुला."

मास्तर वाचू लागले. वाघाला आमिष म्हणून झाडाला बकरी बांधलेली. ती केविलवाणी ओरडते. साहेबाच्या डोळ्यांत पाणी येतं. 'या काळ्या लोकांना मुक्या जनावराची दया कुठली ठाऊक!' असं म्हणून तो स्वतःच्या हातानं तिचं दावं सोडतो.

"काय कनवाळू जीव!" मास्तरांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. "आपल्या रानटी लोकांनी शिकण्यासारखं आहे."

"मग?"

"मग वाघ पडला. एका गोळीत!"

"बकरी तर सोडली... मग वाघ आला कशाला?"

मास्तरांनी कागद मागं चाळले, पुढं चाळले.

"ते... दिलेलं नाही. पुढच्या पानावर वाघ पडलेलाच आहे."

"हं."

फकिरानं अंगावरची गोधडी बाजूला केली आणि उजवा पाय पुढं सरकवला. घोट्याभोवती जुना काळा वळ होता, बैलाच्या मानेवर जुवाचा पडतो तसा.

मास्तरांनी हातातला कागद खाली ठेवला.

"दावं रिकामं कशाला ठेवायचं?" फकीर म्हणाला. "त्या शिकारीत आम्ही दोघं भाऊ साहेबाच्या हाताशी होतो. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला धाकटा सोमा. माझ्याकडची गाठ कच्ची निघाली."

"आणि... सोमा?"

"साहेबाचा नेम लई चांगला. उगाच नावं ठेवू नयेत. जरा उशिरा धरला, एवढंच."

धुनीतलं लाकूड तडतडत होतं.

मास्तरांच्या डोळ्यांना धार लागली. जी ओळ मघाशी दोनदा वाचली होती, तीच त्यांना आता बघवेना. सगळे कागद गोळा करून ते धुनीकडं वाकले. फकिरानं त्यांचं मनगट धरलं.

"सोडा, बाबा! जळू द्या मेलं! सगळं खोटं आहे!"

"खोटं कसं, लेका? बकरी सुटलीच होती... सोमा तिच्याकडंच बघत होता."