विझलेला लाल दिवा

एकदा एक शिष्य आपल्या गुरूवर असा संतापला, की बॉयलरच्या त्या कारखान्यात सगळ्यांचे हात थांबले. वेल्डिंगच्या सांध्यांत लपलेल्या भेगा क्ष-किरणांनी शोधण्याची विद्या तो त्या वृद्धाकडे जीव ओतून शिकला होता. त्या दिवशी त्याला स्वतंत्रपणे काम करण्याची मुभा मिळायची होती. यंत्राच्या खोलीत जाऊन तो सांध्यावर फिल्म लावून आला, तोच वृद्धाने सर्वांसमक्ष ती मुभा नाकारली. कारण काय, तर आत जाताना हातात किरण मोजायचा मीटर नव्हता.

"नाना, यंत्र बंद होतं," शिष्याचा आवाज चढला. अपमान जिव्हारी लागला होता. सारी विद्या त्याने एका दमात म्हणून दाखवली. नळीतली तार तापते, तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. उच्च दाबाची वीज त्यांना भरधाव नेऊन टंगस्टनवर आदळते. तिथे ते एकाएकी अडतात. त्यांच्या ऊर्जेची बहुतेक उष्णता होते, अगदी थोड्या अंशाचे क्ष-किरण होतात. वीज तोडली की किरण त्याच क्षणी थांबतात, मागे काही उरत नाही. मग मीटर काय पूजेला न्यायचा होता?

वृद्धाने मान डोलावली. यातला एकही शब्द चुकीचा नव्हता.

"वीज बंद आहे हे तुला कोणी सांगितलं?"

"दारावरच्या लाल दिव्याने. तो विझलेला होता."

वृद्धाने खिशातून बल्ब काढून त्याच्या तळहातावर ठेवला. "हा सकाळपासून माझ्याकडे आहे. यंत्राची किल्लीही माझ्याच खिशात आहे, म्हणून तू धडधाकट आहेस. बल्ब गेला म्हणून यंत्र थांबत नाही. किरण दिसत नाहीत, आणि अंग भाजलं तरी त्या वेळी कळत नाही. किरण कसे जन्मतात ते तू छान सांगितलंस. आत्ता ते आहेत की नाहीत, हे मात्र तू पाहिलंच नाहीस."

शिष्याचा राग तरीही ओसरला नाही. फसवून परीक्षा घेण्याची ही कुठली रीत, असेच त्याला वाटत होते. इतक्यात, फिल्म नीट लागली आहे का ते पाहायला वृद्ध खोलीकडे वळला, तर शिष्य दारात आडवा उभा राहिला.

"मीटर घ्या, नाना."

"अरे, किल्ली माझ्या खिशात आहे."

"ते तुम्ही म्हणता."

वृद्ध मागे फिरला. त्याने फळीवरचा मीटर घेतला, तो चालतो याची खात्री केली आणि तो पुढे धरूनच आत गेला. बाहेर आल्यावर त्याने यंत्राची किल्ली शिष्याच्या हातात दिली.