झुंबररावांच्या लेकीची दोन स्थळं

दोन्ही पक्षांनी आमच्या ओढ्यावर नारळ फोडले, पूल एकाही मेल्यानं बांधला नाही. म्हणून यंदाच्या निवडणुकीत गावानं दोघांनाही नकार द्यायचं ठरवलं. ते कळताच उमेदवार झुंबरराव लेकीला घेऊन पारावर आले नि गरजले, "नकाराचं बटण म्हणजे मत वाया! आम्ही दोघंच उभे आहोत, एक निवडावाच लागेल!"

लग्नं जुळवणारी गोदाक्का उठली. "साहेब, तुमच्या लेकीला दोनच स्थळं आहेत. एक दारुडा, एक जुगारी. कुठलं पक्कं करू?"

"एकही नको!"

"मग पोरगी वाया गेली म्हणायची?"

"वाया कशी? चांगला मिळेपर्यंत थांबेल!"

"मग आमचं मतही थांबेल की!"

अख्खा पार हसून लोळला. सगळ्यांत मोठ्यानं लेकच हसली. म्हणाली, "बाबा, माझंही मत थांबलंय!"