अर्गलनाथाची दारे

एका राज्यात दारांना डोळे होते.

किल्ली नव्हती, कुलूप नव्हते, कडी नव्हती. माणूस उंबरठ्याशी येई, आपले नाव सांगे. दार त्याच्या तोंडाकडे बघे, आवाज ओळखे आणि उघडे. अशी दारे घरोघर होती, राजवाड्यात होती, देवळात होती, गोठ्यालासुद्धा होती. ती घडवली होती काचेच्या डोंगरावर राहणाऱ्या अर्गलनाथ जादूगाराने. पहिले दार तो फुकट देई. फुकट देणाऱ्याचा दुसरा हात कुठे आहे ते बघावे, एवढी अक्कल त्या राज्यातल्या एकाही पिकल्या डोक्यात नव्हती.

राजा भद्रसेनाला एवढेच खुपले, की शेजारच्या राजाकडे दारे आली आणि आपल्याकडे नाहीत. अर्गलनाथाचा बोलका शंख दरबारात आला. दार देण्याआधी त्याने एक मंत्र म्हटला. भाषा आपलीच, पण शब्द एकमेकांच्या शेपट्या धरून चाललेले, ना थांबा ना विसावा. वडीलधारी मंडळी माना डोलवत बसली आणि मंत्र संपायच्या कितीतरी आधी राजा म्हणाला, "मान्य!" प्रधान विश्वंभर म्हणाला, "मान्य!" मग नगरातला प्रत्येक घरधनी तेच म्हणाला. एकानेही मंत्र ऐकला नव्हता. जुन्या कड्या-कुलपे वितळवून त्यांनी अर्गलनाथाचा पुतळा ओतला आणि चौकात उभा केला.

त्या दिवशी राजाच्या मांडीवर त्याची धाकटी लेक तुळजा बसली होती. पुढे ती मोठी झाली, राजगुरूंच्या पाठशाळेत गेली आणि शिक्षण अर्धवट टाकून परत आली. विचारणाऱ्यांना सांगे, "गुरुजींना येतं ते मला पाठ झालं. येत नाही ते विचारलं, तर ते अंगावर ओरडले." वाड्यात तिला कुणी शहाणी म्हणत नसे. तिचा त्या दारांवर विश्वास नव्हता. झोपताना ती दाराच्या फटीत पाटा-वरवंट्यातला वरवंटा अडकवून ठेवी. रोज दार कुरकुरे, "हा वरवंटा आमच्या घडणीचा नाही." रोज ती म्हणे, "म्हणूनच ठेवलाय."

हळूहळू दारांचे नखरे वाढले. "ही घागर आमच्या कुंभाराची नाही, आत येणार नाही." लोकांनी घागरी बदलल्या. "हा पाहुणा आमच्या ओळखीचा नाही." लोकांनी पाहुणे तोडले. तुळजा बोलली, तर प्रधान हसून म्हणाला, "बाळ, दाराला आपल्यापेक्षा जास्त कळतं."

"दाराला कळतं हे तुम्हाला कुणी सांगितलं, काका?"

"दारानेच," प्रधान म्हणाला.

आणि एक दिवस तुळजाची थोरली बहीण मृगावती तापाने फणफणली. दासी वैद्याला बोलवायला धावली, तिच्यामागे दार मिटले. वैद्य आला. दार म्हणाले, "हा वैद्य आमच्या मान्यतेचा नाही." दासीने नाव सांगितले. दार म्हणाले, "दालन मृगावतीचे आहे. तिने सांगावे." आतून मृगावतीने नाव सांगितले, पण तापाने तिचा घसा बसला होता, आवाज घोगरा झाला होता.

दार म्हणाले, "ही मृगावती नव्हे."

सेनापतीने कुऱ्हाड घातली. घाव दारावर बसला आणि रक्त आत, मृगावतीच्या खांद्यातून आले. तिची किंकाळी ऐकून कुऱ्हाड गळून पडली. खिडकीही अर्गलनाथाचीच होती, धुराडेही त्याचेच. फटीतून पाणी ओतले, तर उंबरठाच ते पिऊन टाकी. आत पाण्याची एक सुरई तेवढी होती. मृगावतीने बोटाने ती वाजवून दाखवली. ठक्, ठक्. भरल्या सुरईचा जड आवाज आला.

"थोडं थोडं पी, ताई," तुळजा फटीशी तोंड नेऊन म्हणाली. "मी जाऊन येते."

प्रधान म्हणाला, "धीर धरावा. अर्गलनाथांना कळलं असेलच."

"तीच तर भीती आहे," तुळजा म्हणाली.

वेशीबाहेर वासराएवढा एक धनेश पक्षी वडावर बसला होता. तो म्हणाला, "डोंगरावर जायचे ना? माझ्या पाठीवर बस."

तुळजा दोन पावले मागे सरली. "तुला कसं कळलं? आणि तुला यातून काय मिळणार? आधी ते सांग."

धनेशाला राग आला नाही. तो म्हणाला, "वाड्यातली किंकाळी इथवर आली. आमच्यात मादी अंडी घालायला ढोलीत बसते आणि ढोलीचे तोंड लिंपून घेते. आतून लिंपते तिची ती, फोडतेही तिची ती. अर्गलनाथ ते बघून गेला. मग आमच्या ढोलीला एक सुबक दार लावून गेला. फुकट. पिल्ले मोठी झाली, तिला बाहेर यायचे होते. दार म्हणाले, वेळ झाली नाही."

"मग?"

"ती ढोली अजून बंद आहे. तिथे आता आवाज नाही."

तुळजा त्याच्या पाठीवर बसली. पण सबंध वाटभर तिने एका हाताने त्याच्या मानेची पिसे घट्ट धरून ठेवली होती. दुःख खरे असले, तरी पक्षी अनोळखी होता.

काचेच्या डोंगराला तीन वेशी होत्या. पहिल्या वेशीत मधाळ आवाजाची एक दगडी बाई उभी होती. "आपले स्वागत असो. आपली अडचण सांगावी."

तुळजाने सांगितली.

"आपला संताप आम्हाला समजतो. आपली अडचण सांगावी."

तुळजाने पुन्हा सांगितली. दगडी बाईला पुन्हा संताप समजला. आजूबाजूला माणसे बसली होती. कुणाच्या दाढ्या जमिनीला टेकल्या होत्या, कुणाच्या मांडीवर शेवाळ वाढले होते. सगळे आपापली अडचण पुटपुटत होते. तुळजाने त्यांच्याकडे पाहिले, मग बाईकडे पाहिले आणि आवाज बदलून म्हणाली, "अगं, अडचण कसली? मला नवीन दार घ्यायचंय. चांगलं भारीतलं."

वेस धाडकन उघडली.

दुसऱ्या वेशीवर एक सोनेरी बेडूक होता. तो म्हणाला, "तू कोण?"

"मी तुळजा."

"वाड्याची दारे भद्रसेनाच्या नावावर आहेत. तू भद्रसेनाची असशील, तर खूण सांग. मान्य म्हणण्याआधी भद्रसेनाने काय केले?"

दरबारात त्या दिवशी शेकडो माणसे होती. सगळी आपापल्या मिशा सांभाळत होती. राजाकडे बघत होती ती फक्त मांडीवरची मुलगी.

"जांभई दिली," तुळजा म्हणाली. "मोठ्ठी. मला त्यांची पडजीभ दिसली होती."

बेडूक पाण्यात बुडाला. दुसरी वेस उघडली.

तिसऱ्या वेशीत खुद्द अर्गलनाथ बसला होता. त्याच्या चेहऱ्याला वय नव्हते. हातात तोच शंख होता.

"राजकन्ये, काय हवे?"

"माझ्या बहिणीचं दार उघडा."

"दार तुझ्या बहिणीचे नाही. तुझ्या पित्याचेही नाही. तो त्यात राहतो, एवढेच. त्याने मान्य केले आहे."

"काय मान्य केलंय ते मला ऐकायचंय. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

अर्गलनाथाच्या भुवया किंचित वर गेल्या. "आजवर कुणी ऐकले नाही. डोळा लागला, तर तू या वेशीचा दगड होशील."

"सुरू करा."

शंख बोलू लागला. शब्दांवर शब्द, अटींवर अटी. घागरीच्या अटी, पाहुण्यांच्या अटी, खोकल्याच्या अटी. दिवस मावळला, उगवला, पुन्हा मावळला. तुळजाचे पाय गुडघ्यापर्यंत गार पडले, दगडासारखे. पापणी मिटे, की धनेश तिचा एक केस उपटे. ती त्याला शिव्या देई आणि ऐके. शेवटी शंखाचा आवाज अगदी बारीक झाला. तेव्हा ती कान त्याच्या तोंडाशी नेऊन बसली, आणि शेवटचे वाक्य असे होते:

"आणि ज्याने न ऐकता मान्य म्हटले, त्याने त्याच दारापुढे, चारचौघांच्या देखत, मी ऐकले नव्हते असे खऱ्या मनाने म्हटले, तर त्याचा होकार फिटला. दार त्याचे झाले."

तुळजाचे पाय मोकळे झाले. ती म्हणाली, "एवढंच?"

"एवढेच," अर्गलनाथ म्हणाला. "सुटायची वाट ठेवल्याशिवाय मंत्र बांधलाच जात नाही. म्हणून ती वाट मी अशा ठिकाणी ठेवली, जिथे कुणी जात नाही."

"मंत्राच्या शेवटी."

"छे. म्हाताऱ्यांच्या जिभेवर." आणि तो हसू लागला. तुळजा धनेशाच्या पाठीवर बसून दिसेनाशी झाली, तरी डोंगरावरून त्याचे हसणे ऐकू येत होते.

वाड्यात ती पोहोचली, तेव्हा दालनापुढे सगळा दरबार गोळा झाला होता. तुळजाने आधी फटीला कान लावला. टण्ण. सुरई रिकाम्या घंटेसारखी वाजली.

तिने राजाला वाक्य सांगितले. "आबा, म्हणा."

राजाने प्रधानाकडे पाहिले. प्रधानाने घसा साफ केला. "महाराजांनी असं कसं म्हणायचं? उद्या रयत विचारेल, आणखी कशाकशाला न ऐकता होकार दिलात?"

"विचारू दे ना," तुळजा म्हणाली. "कधीतरी विचारायलाच हवं."

"पोरी, जीभ आवर!" राजगुरू म्हणाले. "पाठशाळा सोडलेल्यांनी राजाला शिकवू नये."

"गुरुजी, तुम्हीही मान्य म्हणाला होतात. तेव्हा तुम्ही घोरत होता, झोपेतच म्हणालात."

राजा ताठ उभा राहिला आणि गंभीर आवाजात म्हणाला, "आम्ही मंत्र ऐकला होता. संपूर्ण ऐकला होता."

दाराचा डोळा लकाकला. "होय महाराज. म्हणजे जाणूनबुजूनच मान्य केलेत. मग तक्रार कसली?"

तेवढ्यात आतून आवाज आला, घोगरा, तुटका, कोरड्या पानासारखा.

"आबा... पाणी संपलं."

"मृगा!" राजा दाराला जाऊन भिडला.

दार म्हणाले, "ही मृगावती नव्हे."

"अरे, तिचा पहिला ट्यांहा ऐकलाय मी! गोवरात बसला होता, तेव्हाचाही आवाज ऐकलाय. माझ्या लेकीचा आवाज आहे तो!"

"दाराला ओळख पटत नाही."

राजाचे हात खाली आले. त्याने मागे वळून पाहिले. प्रधानाच्या, गुरूच्या, सेनापतीच्या माना खाली होत्या. कुणी काही सुचवणार नव्हते. मग तो उंबरठ्यावर बसला, बाजारात थकलेला माणूस बसतो तसा.

"मी ऐकलं नव्हतं," तो म्हणाला. "मला जांभई येत होती. त्या दुसऱ्याकडे दारं होती आणि माझ्याकडे नव्हती. काय सांगत होते, मला काही म्हणता काही कळलं नाही. आणि कळलं नाही हे सांगायची लाज वाटली. मी ऐकलं नव्हतं."

दाराचा डोळा मिटला. त्याच्या जागी लाकडाची एक साधी गाठ राहिली. तुळजाने ढकलले तसे दार कर्रकन वाजले. त्या राज्यात कित्येक वर्षांत दार वाजले नव्हते. आत मृगावती सुरई छातीशी धरून बसली होती. आधी पाणी आत गेले, मग वैद्य, मग बाप.

ही बातमी नगरात आणि शेजारच्या राज्यातही पसरली. ज्याच्या त्याच्या दारापुढे म्हातारी मंडळी उभी राहिली, शेजाऱ्यांच्या देखत लाल होऊन पुटपुटली, आणि दारे एकेक करून लाकूड झाली. राजगुरूंनी आपले वाक्य संस्कृतात म्हणून पाहिले. दार हलले नाही, तेव्हा ते साध्या भाषेत म्हणाले. प्रधान विश्वंभर सगळ्यांत शेवटचा. त्याचे जेवण आत निवत होते. भूक असह्य झाली, तेव्हा तोही बोलला.

शेवटचा होकार फिटला, तेव्हा काचेच्या डोंगरावरचे हसणे थांबले. दगडी बाई गप्प झाली आणि वेशीतली माणसे उठून आपापल्या घरी चालू लागली. अर्गलनाथ रागाने ओरडला, ओरडला, ओरडता ओरडता त्याचा घसा बसला. मग तो आपल्या महालाच्या दाराशी गेला आणि त्याने नाव सांगितले.

दार म्हणाले, "ओळख पटत नाही."

सुटायची वाट त्याला पाठ होती. पण मी ऐकले नव्हते, हे जगात त्या एकालाच खरेपणाने म्हणता येईना. मंत्र त्यानेच रचला होता. तो अजून बाहेरच बसलेला आहे.

चौकातला पुतळा वितळवून कड्या-कुलपे घडली आणि ज्याची त्याला मिळाली. वडावरून उडण्याआधी धनेशाने एकच कडी मागून नेली. पक्ष्यांच्या थव्यापुढे तेच वाक्य म्हणून त्याने ती बंद ढोली आधीच उघडली होती. तिला त्याने ती कडी आतल्या बाजूने लावली.

पुढे एक परका व्यापारी बिनतेलाचे दिवे घेऊन दरबारात आला. पहिला दिवा फुकट, म्हणाला. राजाने जांभई दाबली, पाणी मागवले आणि तुळजाला शेजारी बसवून म्हणाला, "सांगा. सावकाश सांगा. आमच्याकडे वेळ आहे." व्यापारी अर्ध्यातूनच निघून गेला.

तुळजाच्या दालनालाही आता साधी कडी आहे, आतून लागणारी. तरी ती झोपताना फटीत वरवंटा ठेवतेच. मृगावती तिला हसते. हसू दे.

इथे गोष्टीला कडी. ऐकणाऱ्यांनी आपापल्या घरी जावे आणि उंबरठ्यावर थांबून एकदा बघावे, दार आपल्याकडे बघत तर नाही ना.