साखर नसलेले पाणी

एका टेकडीवरच्या प्रयोगशाळेत एकदा एक वृद्ध शास्त्रज्ञ होते आणि त्यांच्या हाताखाली एक शिष्या काम करीत असे. केसाहून कितीतरी बारीक तंतूंची जाळी तयार करायची, तिच्यावर मूळ पेशी रुजवायच्या आणि त्यांच्यापासून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी वाढवायच्या, हे तिचे काम. सपाट काचेवर पेशी नुसत्या पसरत. जाळीत मात्र त्या शरीरातल्यासारख्या एकमेकींना बिलगत, झुपके धरीत.

शिष्येची मुलगी शाल्मली लहान असतानाच तिच्या शरीरातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट झाल्या होत्या. तेव्हापासून जेवणाआधी बोट टोचायचे, रक्तातली साखर पाहायची आणि त्या अंदाजाने पोटात इन्सुलिनची सुई घ्यायची. "बरी झालीस की काय खाशील गं?" असे पाहुण्यांनी विचारले की ती वैतागे. "खायचं काही नाहीये हो. मला एक दिवस हे सगळं विसरायचंय." आणि आई कामावरून परतली की दारातच विचारी, "झालं का?"

"नाही गं अजून," म्हणताना दर वेळी आईचा आवाज थोडा खाली जाई.

अखेर एके दिवशी जाळीवरच्या पेशींना साखरेचे द्रावण दिले आणि त्यांनी इन्सुलिन सोडले. चाचणीच्या तबकडीत छोटे छोटे खळगे असतात. रंग जितका गडद पिवळा, तितके इन्सुलिन जास्त. सगळे खळगे हळदीसारखे पिवळे झाले. शिष्या कितीतरी वेळ ती तबकडी खिडकीच्या उजेडात धरून उभी होती.

प्रयोगशाळेचा खर्च एक व्यापारी उचलीत असे. दुसऱ्या दिवशी तो पेढ्यांचा पुडा घेऊनच हजर झाला.

"मॅडम, तोंड गोड करा! मधुमेह खलास! उद्या पत्रकारांना बोलावलंय. परवा पहिल्या पानावर आपण!"

पत्रकार येणार, यात शंका नव्हती. मथळ्यांमध्ये हा आजार आजवर इतक्यांदा बरा झाला आहे, की इन्सुलिनचे कारखाने केव्हाच बंद पडायला हवे होते. 'बरा झाला म्हणजे नेमके काय झाले?' एवढे विचारायचीही कोणाला तसदी नको. आणि ज्या घरांत ती कात्रणे देवाच्या तसबिरीमागे जपून ठेवली जातात, त्या घरांत पुढे काय झाले, हे पाहायला कोणी परत फिरकत नाही.

वृद्धांनी पुडा बाजूला सरकवला. मग त्यांनी जाळीची बशी उचलली, साखरेचे द्रावण काढून टाकले, पेशी हलक्या हाताने धुतल्या आणि वर दुसऱ्या बाटलीतले पाणी सोडले. त्यात क्षार होते, साखर जवळजवळ नव्हती.

"अहो, अहो! काय करताय हे?" व्यापारी ओरडला. "वर्षभराची मेहनत आहे पोरीची! उपाशी मारताय की काय त्यांना?"

"बसा शेठ. चहा घ्या."

"चहाचं काय घेऊन बसलात! मॅडम, तुम्ही तरी बोला ना!"

शिष्येने नवी तबकडी पुढे ओढली. ही चाचणी तिला ठाऊक नव्हती, असे नाही. काही ना काही कारण काढून ती पुढे ढकलीत आली होती.

काही वेळाने वृद्धांनी पेशींवरचे ते पाणी काढून तिच्या हाती दिले. तिने ते तबकडीत भरले आणि मनोमन विनवले, 'फिके राहा. आज एवढे फिके राहा.' संध्याकाळ होता होता खळगे रंगले. कालच्याइतकेच, हळदीसारखे पिवळे.

"वा! म्हणजे उपाशीपोटीसुद्धा देतात!" व्यापारी खूश झाला.

"तेच तर, शेठ," वृद्ध म्हणाले. "साखर असताना देणं हे अर्धं काम. साखर ओसरली की थांबणं, हे उरलेलं अर्धं. सुईतून किती घ्यायचं, ते हिची मुलगी ठरवते. ही पेशी एकदा शरीरात बसली की कुणाला विचारणार नाही. मुलगी झोपलेली असेल, तिची साखर उतरत असेल आणि ही देतच राहील. नवजात बाळातल्या पेशींनाही थांबणं नीट जमत नाही; वाढता वाढता जमतं. जाळीनं यांना घर दिलंय. पण घर मिळालं म्हणजे जाण आली, असं होत नाही. तिला वेळ द्यावा लागतो."

मग शिष्येकडे वळून ते हळूच म्हणाले, "ही चाचणी तू का टाळलीस, ते मला कळतं गं. म्हणून तर ती मी केली."

"मग उद्या पत्रकारांना सांगू काय मी?" व्यापाऱ्याने विचारले.

"सांगा, पेशी द्यायला शिकल्यात. थांबायला शिकायच्या आहेत."

"असली बातमी छापतो कोण?"

"छापत नाहीत खरं," वृद्ध म्हणाले आणि त्यांनी पुडा त्याला परत दिला.

त्या संध्याकाळी दारात शाल्मली उभीच होती. "झालं का?"

शिष्येने या वेळी नुसते 'नाही' म्हटले नाही. चप्पल न काढता ती उंबऱ्यावर बसली आणि सगळे सांगितले. साखर उतरली की काय होते, हे त्या मुलीला कोणत्याही डॉक्टरने समजावण्याची गरज नव्हती. हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, समोरचे माणूस धूसर होते.

"म्हणजे मला घाम फुटला, तरी त्या सोडतच राहणार?"

"हो."

"मग नकोत मला. अजून नकोत." ती आईला चिकटून उंबऱ्यावर बसली. मग आईच्या खांद्यावर डोके टेकून म्हणाली, "पण तू शिकव हं त्यांना."

दुसऱ्या दिवशी शिष्येने नवी जाळी करायला घेतली आणि साखर नसलेल्या पाण्याची बाटली हाताशी आणून ठेवली. शाल्मली अजूनही दारात उभी असते. प्रश्न तेवढा बदलला आहे. "थांबल्या का गं?" ती विचारते.

मधुमेह संपल्याचा मथळा पुन्हा दिसेल तेव्हा, घरातल्या कुणाला तो वाचून दाखवण्यापूर्वी, आपणही एवढेच विचारावे.