मोहोर लावलेल्या पेट्या

फार फार जुन्या काळची गोष्ट. डोंगरात एक लहानसं राज्य होतं आणि खाली मैदानात एक मोठं साम्राज्य. डोंगरातला राजा आणि मैदानातला सम्राट यांची दोस्ती होती. दोस्ती म्हणजे काय, तर सम्राटानं सांगायचं आणि राजानं मान डोलवायची. मुलांनो, अशी दोस्ती तुमच्या आळीतही असेल. मोठ्यांना तर मी सांगायलाच नको.

दरवर्षी सम्राटाकडून बाणांच्या पेट्या येत. प्रत्येक पेटीवर लाखेची मोहोर असे, आणि त्या मोहोरेचं डोंगरातल्या लोकांना भारी कौतुक. दसऱ्याला ते आपल्या तलवारी-भाले बाहेर काढून पुसत, तेल लावत, धार बघत. पेट्यांना मात्र नुसता झेंडूचा हार घालत आणि हात जोडत. मोहोर फोडली तर सम्राटाचा अपमान होईल, असं सगळे धरून चालले होते. खरं तर तसं कुणी कधी सांगितलंही नव्हतं.

शस्त्रागाराचा राखणदार होता भिवबा. राजाचं आणि सम्राटाचं नाव लोक विसरले, याचं मात्र लक्षात राहिलं. एका दसऱ्याला हार घालताना तो सेनापतीला म्हणाला, की पेट्या उचलायला फार हलक्या लागतात, एखादी उघडून बघू या का? सेनापतीनं त्याला वेड्यात काढलं.

सेनापती तसा भला माणूस होता. त्यानं आयुष्यात कधी लाच घेतली नव्हती आणि याचा त्याला अभिमान होता. फक्त स्वतः हात घालून काही तपासायचा त्याला कंटाळा होता, आणि त्या कंटाळ्याला तो विश्वास म्हणत असे.

मग एका उन्हाळ्यात शत्रू खिंडीत आला. सेनापतीनं घाईघाईनं पेट्या खिंडीवर नेल्या आणि मोहोरा फोडल्या. वरच्या थरात चांगले बाण होते. खाली नुसत्या बोरूच्या काड्या, त्यांना ना लोखंडाचं टोक, ना पिसं. त्याचे तिरंदाज हातात काड्या घेऊन त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. शत्रू खिंड ओलांडून खालच्या गावात शिरला, गाव जाळलं आणि धान्य घेऊन परत गेला. तेवीस माणसं गेली.

आठ दिवसांनी सम्राटाचा दूत आला. त्यानं राजाला आणि सेनापतीला एकीकडे बोलावलं आणि अगदी गोड आवाजात समजावलं. "एक तर तुमच्या राखणदारानं बाण विकून खाल्ले. गरम सुरीनं मोहोर काढता येते आणि पुन्हा बसवताही येते. नाही तर तुमच्या सैन्याला बाण सांभाळता येत नाहीत. चोर असेल तर त्याला शिक्षा करा, आपली दोस्ती आहे तशीच राहील. सैन्यच नालायक असेल, तर किल्ल्यात आमची माणसं बसवावी लागतील."

सेनापतीनं चाचरत विचारलं, की पेट्या भरल्या जातात तिथंच काही झालं असेल तर?

"सम्राटांच्या शस्त्रागारात चोरी होत नाही," दूत म्हणाला. तो अजूनही हसत होता.

राजानं सेनापतीकडे पाहिलं. "राखणदार तुमच्या हाताखालचा," तो म्हणाला, "तुम्ही सांगाल ते खरं." राजालाही कुणाच्या तरी मागं लपायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. भिवबाला उभं केलं. तो घाबरलेला नव्हता. सेनापती आता सगळं सांगेल, अशा भरवशानं तो त्याच्याकडे बघत होता. सेनापतीला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की मोहोर फोडायला मीच नको म्हणालो. पण आपण लाच न घेणारा सेनापती, आपल्याला लोक नालायक म्हणणार, हे त्याच्यानं सोसवेना.

"पेट्या भिवबाच्या ताब्यात होत्या," तो म्हणाला.

वाक्य खरं होतं. म्हणून तर ते इतक्या सहज तोंडातून निघालं. भिवबानं मान खाली घातली आणि नंतर तो एक अक्षर बोलला नाही. त्याच्या कमरेच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि त्याला बायकोसह राज्याबाहेर घालवलं. वाटेत ज्यांची माणसं गेली होती, ते त्याच्यावर थुंकले. सेनापती ते बुरुजावरून बघत होता आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

महिना झाला नाही तोच सम्राटाची फौज किल्ल्यात आली. जिथं राखणदारच चोर निघतात, तिथं आमच्या दोस्ताची आम्हाला काळजी वाटते, असा निरोप होता. शस्त्रागाराच्या किल्ल्या त्यांनीच घेतल्या. आत जायला सेनापतीला त्यांची परवानगी मागावी लागली. तेव्हा कुठं त्यानं भर दरबारात खरं काय ते सांगितलं. राजा खाली बघत म्हणाला, की हे तेव्हा बोलायचं होतं.

सेनापती भिवबाला शोधत सरहद्दीपलीकडे गेला. भिवबा दुसऱ्याच्या मळ्यात मचाणावर उभा राहून गोफणीनं पाखरं हाकत होता. सेनापतीनं हात जोडले, परत चल म्हणाला. भिवबा खाली उतरला नाही.

सेनापतीनं विचारलं, "पेटी उघडू या असं तू म्हणाला होतास. दरबारात ते का नाही सांगितलंस?"

"मी सांगितलं असतं, तर तुमची अब्रू गेली असती," भिवबा म्हणाला. "मला वाटलं, तुम्हीच सांगाल."

सेनापतीला वर बघवेना. तो तसाच, मान खाली घालून, आला त्या वाटेनं परत गेला. त्यानंतर कुणी त्याला भला माणूस म्हटलं, की तो तिथून उठून जात असे.

तात्पर्य: आपली नालायकी कबूल केली तर ती नुसती चूक राहते, दुसऱ्याच्या माथी मारली, की तीच चोरी होते.