ओवाळणीची पैठणी

नगरपालिकेत टेंडर उघडणाऱ्या कमलिनीताईंना गावातले बडे ठेकेदार रंगराव ढमढेरे भाऊबिजेच्या आठवडाभर आधी कचेरीत भेटायला आले. पाण्याच्या टाकीसाठी त्यांनीही टेंडर भरलं होतं. टेबलावर पैठणी ठेवत ते म्हणाले, "लाच नाही हो ताई, ओवाळणी आहे. भावाबहिणीत कसले आलेत नियम?"

ताईंचे डोळे खरंच भरून आले. "मला भाऊ नाही, दादा. आजपासून तुम्हीच!" मग त्यांनी पेन उचललं. "तेवढं फाइलीत लिहिते. इथल्या कर्मचाऱ्याच्या भावाचं टेंडर बाद होतं."

रंगरावांनी पैठणी परत पिशवीत घातली.

ताई निवृत्त झाल्या, त्या वर्षी भाऊबिजेला रंगराव तीच पैठणी घेऊन दारात उभे.

"ताई, आता तरी ओवाळशील ना?"